सेन्क्यो-सान आणि मधली निवडणूक

अठरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ते अहो-जाहो करायचे. ऑफिसात नव्याने लागलेल्या पोरासोरांना, कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये पार्टटाइम करणाऱ्या कॉलेजच्या मुलींना, इतकंच काय, स्वतःच्या लेकीलाही. "अठरा पूर्ण झाली की माणूस मतदार होतो," ते म्हणायचे, "आणि मतदाराला अरे-तुरे करायची माझी छाती नाही." सहा वर्षांच्या नातीला मात्र खुशाल 'तू' म्हणायचे. "तुला अजून बारा वर्षं अवकाश आहे," असं तिला गंभीरपणे सांगायचे, आणि ती 'हाय, ओजीचान', म्हणजे 'हो, आजोबा', म्हणून पुन्हा चित्र काढायला बसायची.

टोकियोतल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत ते मॅन्युअल लिहिणाऱ्या टीमचे प्रमुख होते आणि मी टेस्टर. मी नवऱ्याबरोबर पुण्याहून आलेली, एदोगावात राहणारी. ते दोन स्टेशनं पलीकडे, उरायासुला. गाडी एकच, त्यामुळे जाता-येता गाठ पडायची. ऑफिसात मी त्यांच्या नावाला 'सान' जोडायची, गाडीत 'काका' म्हणायची. जपानी सहकारी मात्र त्यांना नावाने हाक मारत नसत. त्यांनी त्यांचं नाव ठेवलं होतं सेन्क्यो-सान. सेन्क्यो म्हणजे निवडणूक. ह्या बारशावर ते बेहद्द खूश होते.

मूळचे साताऱ्याचे. पंचविशीत अमेरिकेला गेले, तिथल्या एका लहानशा गावात पंचवीस वर्षं राहिले, तिथले नागरिक झाले. बायको गेली. एकुलत्या एक लेकीने जपानी मुलाशी लग्न करून इथे संसार मांडला होता, तेव्हा दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन तेही इकडे आले. दोनाची नऊ वर्षं कधी झाली, ते त्यांनाही कळलं नाही. पण जीव होता त्या गावच्या मतदानात.

पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली. अमेरिकेत दर दोन वर्षांनी निवडणुका असतात, अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावर येते ती त्यांची विशेष लाडकी, हे ऐकून मी म्हटलं, "म्हणजे मध्यावधी निवडणूक."

दाढ दुखावी तसा चेहरा झाला त्यांचा. "मध्यावधी म्हणजे सरकार पडल्यावर होते ती! इथे कोणीही पडलेलं नाही. ठरलेल्या वर्षी, ठरलेल्या मंगळवारी होते."

"मग मध्यकालीन म्हणू?"

"मध्यकालीन म्हणजे देवगिरीच्या यादवांची. मधली म्हणा. सरळ 'मधली'." आणि मग पुढच्या तीन स्टेशनांत त्यांनी मला ती मधली समजावून दिली. एकाच कागदावर खासदार, आमदार, कुठे राज्यपाल ("तिथला राज्यपाल निवडून येतो बरं का, वरून पाठवत नाहीत"), कुठे न्यायाधीश, शाळेच्या मंडळाचे सभासद. "अध्यक्षाची निवडणूक म्हणजे लग्न. वाजंत्री, फोटो, सगळं गाव जेवायला. पण दोन वर्षांनी संसार कसा चाललाय, हे बघायला कोण येतं? तेव्हा जो दारात येऊन उभा राहतो, तो खरा घरचा माणूस."

ऑफिसात दर शुक्रवारी दुपारी जेवायला कुठे जायचं, ह्यावर ते गुप्त मतदान घ्यायचे. टिश्यूचा रिकामा डबा म्हणजे मतपेटी. चिठ्ठ्या एकाच मापाच्या. प्रत्येक हॉटेलाला एक उमेदवार-प्रतिनिधी आणि त्याला तीन मिनिटं भाषण. पहिल्यांदा जपानी मंडळींना धरणी दुभंगावी असं झालं. आमच्यात मोरी-सान म्हणून एक प्रोग्रॅमर होते. चार वर्षांत मीटिंगमध्ये 'हो' आणि 'तपासून सांगतो' ह्यापलीकडे त्यांचा शब्द कोणी ऐकला नव्हता. सेन्क्यो-साननी त्यांना सोबाच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या, दुकानाची बाजू दिली. मोरी-सान उठले, घसा खाकरला आणि त्या दुकानातल्या म्हाताऱ्याचे हात पीठ मळताना कसे चालतात ते सांगायला लागले. तीन मिनिटांची सात झाली. त्या दिवशी सोबा पडला आणि करी जिंकली, पण जेवताना मोरी-सान पहिल्यांदाच सगळ्यांशी बोलत होते. पुढच्या शुक्रवारी ते लिहून आणलेलं भाषण घेऊन आले.

जपानात त्यांना मत नव्हतं, पण म्हणून इथली निवडणूक त्यांनी कधी चुकवली नाही. वॉर्डाच्या निवडणुकीत उमेदवारांच्या गाड्या भोंग्यावरून नाव ओरडत फिरतात आणि आतून पांढरे हातमोजे घातलेले हात हलतात. रस्त्यावरची माणसं खाली मान घालून चालतात. हे फुटपाथवर थांबून दोन्ही हात उंच करून हलवायचे. एका गार वाऱ्याच्या सकाळी स्टेशनसमोर एक तरुण बाई एकटीच माइक घेऊन बोलत होती. पाळणाघरांबद्दल काहीतरी होतं. शेकडो माणसं तिच्या समोरून गेली, थांबलं कोणीच नाही. हे थांबले. शेवटपर्यंत ऐकलं. दोन गाड्या सोडल्या, क्लायंटची मीटिंग बुडवली. भाषण संपल्यावर ती बाई धावत आली, दोन्ही हातांत ह्यांचा हात घेऊन मत मागू लागली. आपल्या मोडक्या जपानीत हे म्हणाले, "मला मत नाही. पण कान आहेत." तिच्या डोळ्यांत पाणी आलं असं ते सांगायचे. वाऱ्यानेही आलं असेल, अशी पुस्तीही स्वतःच जोडायचे.

स्वतःचा पक्ष कोणता, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. तिथे एका पक्षाचा रंग लाल, दुसऱ्याचा निळा. म्हणून मतमोजणीच्या दिवशी ते एका पायात लाल मोजा घालायचे आणि दुसऱ्यात निळा. "गुप्त म्हणजे गुप्त."

फक्त एका उमेदवाराबद्दल ते उघड बोलत. त्या होत्या त्यांच्या गावातल्या शाळेच्या निवृत्त ग्रंथपाल. त्यांची शेजारीण. बर्फात गाडी कशी चालवायची, हे ह्यांना त्यांनी शिकवलं होतं आणि पत्नी आजारी असताना ह्यांना झोप मिळावी म्हणून पहाटे येऊन उशाशी बसल्या होत्या. राज्याच्या विधानसभेला तीनदा उभ्या राहून तीनदा पडलेल्या. त्यातल्या दोन वेळा काकांनी त्यांच्यासाठी दारोदार फिरून प्रचार केला होता. त्या वर्षीच्या मधल्या निवडणुकीत बाई चौथ्यांदा उभ्या होत्या. आणि ह्या खेपेला त्या निवडून येतील, असं पहिल्यांदाच सगळे म्हणत होते. उन्हाळाभर काका गाडीत उभ्या उभ्या मला त्यांच्या प्रचाराच्या बातम्या सांगत होते. त्यांचा चेहरा सुट्टीला गावी निघालेल्या शाळकरी पोरासारखा फुललेला असे.

मग एका दुपारी ते पँट्रीत माझ्यासमोर येऊन बसले. डबा उघडला नाही. खिशातून एक फॉर्म काढून टेबलावर सपाट केला.

"तुम्ही टेस्टर आहात. ह्या दोन चौकोनांतला कोणता पास होतो, सांगा."

परदेशातून मत द्यायला दर वर्षी भरायचा अर्ज होता तो. दोन चौकोन होते. एकासमोर लिहिलं होतं, मी परदेशात राहतो आणि परत येण्याचा माझा इरादा आहे. दुसऱ्यासमोर, परत येण्याचं माझं निश्चित नाही. पहिल्यावर खूण केली तर पूर्ण मतपत्रिका मिळते. दुसऱ्यावर केली तर त्यांच्या राज्याच्या नियमाने फक्त काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मतपत्रिका मिळते. राज्याच्या विधानसभेचं मत जातं. बाईंचं मत जातं.

"आठ वर्षं कोणता भरलात?"

"पहिला. बिनदिक्कत." दुसऱ्या खिशातून त्यांनी आणखी एक कागद काढला. इथे कायम राहण्याच्या परवानगीचा अर्ज. लेकीने भरून दिला होता, सही तेवढी बाकी. "एका खिशात हा, एका खिशात तो. दोन्हींवर सही माझीच. मग कुणाला तरी मी फसवतोय ना?"

मला ते फार सोपं वाटलं. मी म्हटलं, "काका, कोण बघायला येतंय? पहिल्यावर मारा खूण आणि द्या बाईंना मत."

त्यांनी दोन्ही कागद घडी करून खिशात टाकले. "मत गुप्त असतं," ते म्हणाले. "मतदार नसतो." आणि न उघडलेला डबा घेऊन उठून गेले.

आठ दिवस ते गाडीत दुसऱ्या डब्यात चढत राहिले. नवव्या दिवशी माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, कडी धरली आणि समोरच्या काचेत बघत म्हणाले, "पाठवला. दुसरा चौकोन. बाईंनाही पत्र लिहून कळवलं."

"काका, पण का?"

"कारण मला खरंच ठरवता येत नाहीये. जे ठरत नाही ते ठरलंय असं लिहून मत मिळवायचं, तर मग मत कशाला द्यायचं?"

मतपत्रिका आली ती एकाच पानाची. "अर्धं ताट वाढलंय," ते म्हणाले, पण ते अर्धं ताटही त्यांनी पुरणपोळीचं असल्यासारखं जपलं. मीटिंग रूमचं दार लावून, पडदे ओढून मत दिलं. दुपारी मला घेऊन पोस्टात गेले आणि पाकीट दोन्ही हातांनी खिडकीत दिलं. पोस्टातला माणूस वाकला, हे वाकले, तो पुन्हा वाकला. आमच्या मागे रांग लागली तरी हे वाकतच होते.

तिथली मंगळवारची संध्याकाळ म्हणजे इथली बुधवारची सकाळ. त्यांनी मोठी मीटिंग रूम दिवसभरासाठी बुक केली आणि कारणाच्या रकान्यात सरळ 'निवडणूक' लिहिलं. दहाच्या सुमारास आकडे यायला लागले. भिंतीवर त्या लहानशा गावाच्या मतमोजणीचं साधं पान लावलेलं. आधी मोरी-सान कॉफी घेऊन डोकावले ते बसलेच. मग डिझाइनवाल्या दोघी आल्या, मग आमचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, 'पाचच मिनिटं' म्हणत आले आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलले नाहीत. खासदार कोण, राज्यपाल कोण, हे आकडेही येत होते, देशाचं काय होणार तेही त्या दिवशीच ठरत होतं. पण आमच्या खोलीत जो तो बाईंच्या आकड्यावर डोळे लावून बसला होता.

बाई मागे. बाई पुढे. नदीपलीकडच्या वस्तीची मतं आली, बाई पुन्हा मागे. काका टेबलाभोवती फेऱ्या मारत प्रत्येक मतदान केंद्राची ओळख करून देत होते. "हे अग्निशमन दलाचं. इथे एका घरात कुत्रा माझ्या पँटला लोंबकळला होता, पण मालकाने मत दिलं!" जिल्ह्याचं शेवटचं केंद्र यायचं राहिलं तेव्हा मोरी-सान खुर्चीवरून उठून भिंतीकडे बघत ओरडले, "गानबारे!" जोर लावा! आमच्या ऑफिसात कोणी ओरडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पान ताजं झालं. बाई सात मतांनी मागे.

खेळ तिथे संपला नाही. टपालाने आलेली काही पाकिटं मोजायची होती. रोज सकाळी गाडीत काका एकच आकडा सांगायचे. पाच. तीन. मग फेरमोजणी. आणि एका सकाळी मी चढले, माझं स्टेशन मागे पडलं आणि ते म्हणाले, "बरोबरी. एक मत इकडे नाही, एक तिकडे नाही."

 उतरेपर्यंत माझ्या डोक्यात तो पहिला चौकोन नाचत होता. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला होता. असला कसला प्रामाणिकपणा, ज्याचा भुर्दंड दुसऱ्याने भरायचा?

बरोबरी झाली की तिथे चिठ्ठी काढतात. तिकडे संध्याकाळचे पाच, इथे सकाळचे सात. काकांनी मला उरायासु स्टेशनजवळच्या कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये बोलावलं. "घरी नको. लेक आणि नात उठतील." खिडकीजवळच्या उंच स्टुलांवर बसून, मध्ये फोन टेकवून आम्ही बघत होतो. लाकडी टेबल, पितळेचं भांडं, त्यात सारखी दोन पाकिटं. बाई मागे उभ्या होत्या, लहानशा चणीच्या, अंगात हिरवा स्वेटर. अधिकाऱ्याने बाह्या वर केल्या, मान वळवली, एक पाकीट उचललं आणि फोडलं.

नाव दुसऱ्याचं निघालं.

काका स्टुलावरून उतरले, नीट उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या. जिंकलेल्या माणसासाठी. भर दुकानात, सकाळी सात वाजता. गल्ल्यावरचा मुलगा बघत राहिला. मग ते पुन्हा स्टुलावर बसले.

दहा मिनिटांनी फोन वाजला. बाई. त्यांनी स्पीकर लावला नाही, पण बाईंचा आवाज एवढा खणखणीत की मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

"पाहिलंस?"

"पाहिलं. माझं मत असतं तर..."

"ऐक. माझ्या गल्लीतल्या चार जणांनी मत देतो म्हणून शब्द दिला होता आणि त्या दिवशी घरी बसून टीव्ही बघितला. त्या चौघांवर मी ख्रिसमसपर्यंत रागावणार आहे. तुझ्यावर कशाला रागावू? न पडलेल्या मतांपैकी ज्याचं कारण मला पत्राने कळवलं गेलं, असं तुझं एकच आहे."

काका हसायला लागले. हसता हसता त्यांनी कागदी रुमालांचा गठ्ठाच ओढून घेतला. माझा राग तिथल्या तिथे विरघळला. मला वाटलं होतं, मत म्हणजे एक आकडा. बाईंना मात्र प्रत्येक आकड्यामागचं दार ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात गाडीत त्यांनी सांगितलं, "लेकीला सांगितलं. परत जातोय."

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाल्या, 'बाबा, मला माहीत होतं. नऊ वर्षांत तुम्ही इथे भिंतीला एक खिळा ठोकला नाहीत.' मी म्हटलं, भाड्याच्या घरात ठोकू देत नाहीत. तर म्हणतात, 'विचारलंत का कधी?'" ते बाहेरच्या नदीकडे वळले. "मी चौकोन भरला तेव्हा खोटं लिहिलं नव्हतं हो. तेव्हा खरंच ठरत नव्हतं. ते पाकीट फुटलं आणि मला तिथे, त्या खोलीत असावंसं वाटलं. मागे, भिंतीपाशी. बस्, ठरलं."

नातीने त्यांना विमानतळावर काय सांगितलं, ते मला त्यांच्या लेकीकडून कळलं. ती जपानीत म्हणाली, ओजीचान, मला अहो म्हणायच्या आत परत या. हे म्हणाले, "येईन. दर वर्षी येईन." आणि आले, महामारीची दोन वर्षं सोडून.

त्यानंतर चार वर्षांनी पुन्हा मधली निवडणूक आली. बाईंच्या गुडघ्यांनी दारोदार फिरायला साफ नकार दिला होता. उमेदवार शोधायची बैठक बाईंच्याच स्वयंपाकघरात भरली, आणि सगळ्यांनी ज्याच्याकडे बघितलं तो माणूस म्हणे खुर्च्या लावत होता. अशा रीतीने साठी ओलांडलेला आमचा सेन्क्यो-सान राज्याच्या विधानसभेला उभा राहिला. उभं राहायचं तर पक्ष सांगावाच लागतो. मोजणीच्या पानावर त्यांच्या नावापुढे मी पहिल्यांदाच तो रंग पाहिला. कोणता ते मी इथे लिहिणार नाही. त्यांना ते आवडायचं नाही.

तोवर आमचं अर्धं ऑफिस घरून काम करायला लागलं होतं. पण त्या बुधवारी सकाळी मोरी-साननी मोठी खोली बुक केली, कारणाच्या रकान्यात पूर्वीचाच शब्द लिहिला, आणि सगळे आले. ओसाकाला बदलून गेलेले बुचोसुद्धा कॅमेऱ्यावर हजर. एका कोपऱ्यात काकांची लेक, तिच्या मांडीवर दप्तर आणि शेजारी शाळेला दांडी मारलेली नात. आम्ही ओरडलो, टाळ्या पिटल्या, अग्निशमन दलाचं केंद्र आलं तेव्हा नाचलोसुद्धा. पण दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं होतं. काका पडले होते. ह्या वेळी चिठ्ठी नाही, फेरमोजणी नाही. चांगल्या घसघशीत फरकाने पडले होते.

 लेक फोन लावणार, तर त्याआधीच त्यांचा आला. तिने स्पीकर लावला. मागे बायका-माणसांचा गलका, भांड्यांचे आवाज, कोणीतरी गातंय.

"बाबा," ती म्हणाली, "वाईट वाटतंय?"

"वाईट?" त्यांचा आवाज बसलेला, पण उत्साहाने नुसता उतू जात होता. "अहो, तुम्ही आकडा बघितलात का? माझा आकडा! हजारो माणसं हो! थंडीत घराबाहेर पडली, रांगेत उभी राहिली, पडद्याआड गेली. तिथे कोणी बघत नव्हतं, कोणी विचारणार नव्हतं. आणि माझ्या नावापुढे खूण करून आली. त्यातल्या निम्म्यांना तर ते नाव वाचताही येत नाही!"